तिसऱ्या वर्षी दार कोण वाजवतं

प्रिय तरुण मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गणवेश कधी अंगावर चढवला नाही, घरातलंही कुणी सैन्यात नव्हतं, मग माजी सैनिकांच्या संघटनेत आपलं काय काम, असं तू विचारतोस. प्रश्न प्रामाणिक आहे. मी तीस वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

बाहेरून पाहणाऱ्याला आमची संघटना म्हणजे पदकं लावलेली म्हातारी माणसं, स्मारकापुढचं पुष्पचक्र आणि जुन्या लढायांच्या गप्पा. तेही असतं, असायला हवं. पण संघटना ज्या दारांत जाते, त्या दारांमागे राहणाऱ्या कित्येकांनी गणवेश घातलेला नसतो. तिथे कुणाची बायको असते, कुणाची आई, कुणाची शाळेत जाणारी मुलगी. त्यांनी कुठलीच लढाई पाहिलेली नसते, तरी तिचा हिशेब त्यांच्याच घरात चुकता होत असतो. त्यांच्याकडे जायला पदक लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या माजी सैनिकांच्या 'लेगसी' या संस्थेची गोष्ट तुला ठाऊक असावी असं वाटतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर जनरल जॉन गेलिब्रँड यांनी होबार्टमध्ये परतलेल्या सैनिकांचा एक क्लब काढला आणि 1923 साली स्टॅन्ले सॅव्हिज यांनी मेलबर्नला 'लेगसी' सुरू केली. सुरुवातीचा हेतू साधा होता. परत आलेल्यांनी नोकरी-धंद्यात एकमेकांना हात द्यावा, इतकाच. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचं लक्ष परत न आलेल्यांच्या मुलांकडे वळलं आणि मग तेच संस्थेचं मुख्य काम होऊन बसलं. संस्थेत एक आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. खंदकात प्राण सोडणाऱ्या सोबत्याला दुसऱ्याने शब्द दिला की तुझ्या बायकोमुलांकडे मी बघेन. ही आठवण नेमकी कुणाची, याची चौकशी मी कधी केली नाही. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या शब्दाला त्यांनी एक माणूस बांधून दिला. त्याला 'लेगेटी' म्हणतात. ठरावीक कुटुंबं ठरावीक माणसाकडे. मुलाची शाळा, घराचं छप्पर, आईचं आजारपण, सगळ्याची खबर त्याच्याकडे. समितीने मदत केली असं म्हणून तिथे कुणाची सुटका होत नाही.

हे मी इतकं घोळवून सांगतोय, कारण नेमकं इथेच मी चुकलो होतो. माझ्या तुकडीतला एक जवान गेला. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पहिल्या महिन्यात मी तीन वेळा त्या घरी गेलो. अंत्यविधीला शंभर माणसं होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती, मग संसार. संघटनेकडून दरवर्षी ठरलेली रक्कम त्या घरी जात होती आणि त्या पावतीवर मी माझं समाधान करून घेत होतो. चौथ्या वर्षी गेलो तेव्हा दार त्या मुलानेच उघडलं. त्याने मला ओळखलं नाही. आतून त्याची आई आली, तिने बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाली, "आता सगळं होऊन गेलं, भाऊ." शाळा बदलली होती, कर्ज फेडून झालं होतं, वारसाचे कागद तिने एकटीने पुरे केले होते. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की पहिल्या आठवड्यात तू नाही गेलास तरी चालेल, तेव्हा सगळेच असतात. तिसऱ्या वर्षी जा. तेव्हा फोन थांबलेले असतात, फोटोवरचा हार सुकलेला असतो आणि मुलांना पडणारे प्रश्न मोठे झालेले असतात.

अमेरिकेत 'टॅप्स' नावाची संस्था आहे. 1992 साली अलास्कात लष्करी विमान कोसळलं, त्यात बॉनी कॅरल यांचे पती गेले. आपल्यासारखंच घरचं माणूस गमावलेल्यांशी बोलता येईल अशी जागा त्यांना कुठे मिळेना, म्हणून 1994 साली त्यांनी ती स्वतः उभी केली. वडील किंवा आई गमावलेल्या मुलांसाठी ते शिबिरं घेतात आणि तिथे प्रत्येक मुलासोबत एक मोठा माणूस दिलेला असतो, बहुधा सैन्यातला किंवा माजी सैनिक. एका मुलामागे एक माणूस. पुन्हा तेच, बघ. तो उपदेश करत नाही. खेळतो, शेजारी बसतो, मूल गप्प राहिलं तर आपणही गप्प राहतो. हे गप्प राहणं शिकायला मला फार वेळ लागला.

जे परत येतात त्यांच्या घरांबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे हार-तुरे झालेले असतात आणि मग कुणी आत डोकावत नाही. वडील रात्री ओरडत उठतात, फटाका वाजला की खोलीत जाऊन बसतात, कधी आठवडाभर बोलत नाहीत. लहान मुलाला त्याचं एकच कारण सुचतं: आपलंच काहीतरी चुकलं असेल. अशा घरी गेलास की मुलाला पहिल्यांदा "बाबा कसे आहेत?" असं विचारू नकोस. दिवसभर सगळे त्याला तेच विचारतात. त्याच्याबद्दल विचार. आईलाही थोडा वेळ एकटीला बोलू दे. आणि तुला दिसलेलं तुझ्या पेलण्यापलीकडचं असेल, तर त्याच दिवशी आमच्यापैकी कुणाला तरी सांग. मानसोपचाराचं काम आपण करायचं नाही, पण दवाखान्यापर्यंत सोबत आपल्याला नक्की करता येते.

आणि कागद. तरुणांना या कामाचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण कुटुंबांची सेवा म्हणजे बरीचशी कागदांचीच सेवा. निवृत्तिवेतनाचा अर्ज, अपंगत्वाचा दाखला, नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे अडकलेली फाईल. अमेरिकेतल्या मोठ्या संघटनांनी याच कामासाठी 'सर्व्हिस ऑफिसर' नेमलेले आहेत. ते सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे दावे तयार करून देतात, एक पैसा न घेता. ज्या बाईला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं जातं, तिच्याबरोबर रांगेत उभा राहणारा माणूस दहा भाषणांपेक्षा मोठं काम करून जातो.

मुलांचं आणि तरुणांचं काम तुला अधिक आवडेल. 'अमेरिकन लीजन' ही संघटना 1919 मध्ये पॅरिसला, युद्ध संपवून घरी जायला निघालेल्या सैनिकांनीच स्थापन केली. 1925 पासून ती मुलांच्या बेसबॉल स्पर्धा भरवते. 1935 साली इलिनॉय राज्यात तिने 'बॉइज स्टेट' सुरू केलं. शाळेतली मुलं आठवडाभर एकत्र राहतात, आपापली शहरं आणि पक्ष बनवतात, निवडणूक लढवतात, विधेयकं मांडतात. मुलींसाठीचा असाच उपक्रम संघटनेच्या महिला शाखेने उभा केला. 'बॉइज स्टेट'च्या राष्ट्रीय पातळीवर निवडलेला सोळा वर्षांचा बिल क्लिंटन 1963 च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष केनेडींशी हात मिळवून आला, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला कौतुक त्या मुलाचं वाटतं जो निवडणूक हरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याच्या शेजारी बसून कामाला लागतो. ज्यांनी मतभेद बंदुकीने सुटताना पाहिले आहेत, त्यांनी मुलांना मतपेटी शिकवावी, याहून योग्य मला काही वाटत नाही.

तरीही तरुणांसाठीचा मला सर्वांत भावलेला उपक्रम माजी सैनिकांच्या संघटनेचा नाही. युद्धात पडलेल्या जर्मन सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या 'फोल्क्सबुंड' या जर्मन संस्थेचा तो आहे. 1953 साली बेल्जियममधल्या लोमेल इथे त्यांनी तरुणांचं शिबिर भरवलं. तिथल्या दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले सुमारे 39,000 जर्मन सैनिक आहेत. तेव्हापासून निरनिराळ्या देशांतली मुलंमुली अशा शिबिरांत एकत्र येऊन कबरींची निगा राखतात. गवत काढता काढता मूल दगडावरचे जन्म-मृत्यूचे आकडे वाचतं, मनात वजाबाकी करतं आणि थबकतं. आपल्याच वयाचा होता. ही वजाबाकी कुणी शिकवावी लागत नाही. आपल्या संघटनेत असं काही सुरू करावं, हे माझं जुनं स्वप्न आहे, आणि तू आलास तर पहिला विषय तोच काढणार आहे.

पैशाविषयी थोडंच. 1921 मध्ये ब्रिटनमधल्या माजी सैनिकांच्या 'ब्रिटिश लीजन' या संघटनेने युद्धात पडलेल्यांच्या आठवणीसाठी कापडाची लाल पॉपीची फुलं विकायला काढली, नव्वद लाख फुलं संपली आणि एक लाख सहा हजार पौंड जमले. आपल्याकडे 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, तोही याच जातीचा. पण ब्रिटनमधली पुढची पायरी मला जास्त शहाणपणाची वाटते. 1922 मध्ये मेजर जॉर्ज हाउसन यांनी अपंग माजी सैनिकांसाठी ही फुलं बनवण्याचा कारखानाच काढला. हात पसरावा न लागता त्यांच्या घरी पगार जाऊ लागला. कुटुंबाला मदत देताना ही पायरी आधी शोध.

समाजासाठी काय, असं तू शेवटी विचारलं आहेस. एक उदाहरण फार मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांना शिक्षण आणि घरकर्ज मिळावं म्हणून अमेरिकन लीजनने आग्रह धरला. लीजनच्याच हॅरी कोलमेरी यांनी कायद्याचा मसुदा लिहिला आणि 22 जून 1944 रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. सुमारे 78 लाख माजी सैनिक त्या आधारावर शिकले. त्यांची घरं बदलली, वस्त्या बदलल्या. पण हेही लक्षात ठेव की त्याच कायद्याचा लाभ कितीतरी कृष्णवर्णीय सैनिकांपर्यंत पोहोचलाच नाही. कर्ज देणाऱ्या बँका आणि प्रवेश देणारी कॉलेजं त्यांना दारातूनच परत पाठवत होती. म्हणून आपल्या यादीत कोण आहे हे बघतोस, तसं कोण नाही हेही दर वेळी बघ. दुसरं उदाहरण ताजं आहे. 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेचे काही माजी मरीन स्वतःहून तिथे पोहोचले आणि त्यातून 'टीम रुबिकॉन' उभी राहिली. पूर आला, वादळ आलं की ही माणसं फावडी घेऊन जातात. अनेकांना तिथे आपला हरवलेला गट परत सापडतो, म्हणजे उपकार एकाच बाजूने होत नाहीत.

एका धोक्याबद्दल मात्र तुला सावध करतो. खांद्याला खांदा लावून राहण्याची ही सवय वाईट हातातही जाते. जर्मनीत 1918 च्या डिसेंबरात माजी सैनिकांची 'श्टालहेल्म' ही संघटना निघाली. काही वर्षांतच ती लोकशाहीच्या विरोधात संचलनं करू लागली आणि अखेर नाझींनी तिला गिळलं. उलट 1950 मध्ये पॅरिसला माजी सैनिकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्यात काही वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसली. आपल्या सभेत कुणी मुलांना द्वेष शिकवू लागला, तर तू वयाने सर्वांत लहान असशील तरी उठून बोल. मी तुझ्या बाजूने उभा राहीन.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. आम्ही म्हातारे होत चाललो आहोत. ज्या मुलीचे वडील यंदा गेले ती आज सात वर्षांची आहे. तिला सतरा वर्षांची असताना कुणाशी तरी बोलावंसं वाटेल, तेव्हा मी असेन की नाही सांगता येत नाही. तू असशील.

रविवारी ये. तुला दोन घरं नेमून देणार आहे. एक वही घे. पानावर नावं, वाढदिवस, शाळेचं वर्ष आणि कुठला कागद कुठे अडकलाय एवढंच लिही, आणि शेवटी पुढच्या भेटीची तारीख. ती तारीख रिकामी ठेवून घराबाहेर पडू नकोस. दुसऱ्या घरातला मुलगा चौदा वर्षांचा आहे, फारसं बोलत नाही, पण जुनी सायकल स्वतः दुरुस्त करतोय असं त्याची आई सांगत होती. जाताना हात काळे होतील असेच कपडे घाल.

वाट पाहतो.

तुझा हितचिंतक