दहापैकी सहा मिळाले म्हणून

पुणे, रविवार सकाळ

अगं,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला तेव्हा मी जागाच होतो, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, त्या वेळी काहीही लिहिलं असतं तरी तुला ते सांत्वनच वाटलं असतं. तुझ्या अल्बमला रिव्ह्यूत दहापैकी सहा. ठीके. रडून झालं असेल तर चहा टाक आणि मग वाच.

आधी आकड्याचं उरकून टाकतो. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘डिस्कव्हरी’ अल्बम 2001 ला आला तेव्हा पिचफोर्क या म्युझिक रिव्ह्यूच्या साइटने त्याला दहापैकी 6.4 दिले होते. दशक संपता संपता त्याच पिचफोर्कच्या दशकातल्या बेस्ट अल्बम्सच्या यादीत तो तिसरा होता, आणि 2021 ला त्यांनी आपलेच जुने स्कोअर बदलले तेव्हा 6.4 चे थेट 10 झाले. अल्बम तोच, एक बीटसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. पण हे वाचून लगेच ‘मलाही वीस वर्षांनी कळेल लोकांना’ असं मनात आणू नकोस हं, सहा मिळालेला प्रत्येक जण स्वतःला डाफ्ट पंकच समजतो, आणि बहुतेक सहा हे सहाच असतात. माझाही होता.

माझ्या त्या अल्बमवर एकाने एवढंच लिहिलं होतं की किक, म्हणजे तो खालचा ढुम ड्रम, सगळीकडे तीच आहे. मी महिनाभर त्याला शिव्या घालत फिरलो, भेटेल त्याला सांगायचो की याला हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं आपलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक, कळतच नाही. मग एकदा सहज प्रोजेक्ट उघडले तर नऊपैकी सात ट्रॅकमध्ये एकच सॅम्पल, त्याच लेव्हलला, ट्यूनसुद्धा केलेलं नाही, गाण्याची पट्टी बदलली तरी किक आपली तिथेच ढुम ढुम. त्या माणसाने बरोब्बर ऐकलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

म्हणून तुझ्या रिव्ह्यूतला आकडा सोड आणि तिसऱ्या पॅरातली ती ओळ परत वाच, ‘चौथ्या ट्रॅकनंतर सगळं एकाच खोलीत घडतंय असं वाटतं’. तू ती मला खवचट म्हणून पाठवलीस. मला विचारशील तर अख्ख्या रिव्ह्यूत तेवढीच ओळ कामाची आहे. काल मी हेडफोन लावून ऐकत बसलो, तुझ्या क्लॅपची, त्या टाळीसारख्या ड्रमची, शेपटी म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, दहाच्या दहा ट्रॅकमध्ये सारखीच लांब आहे. आवाज खोलीत घुमल्यासारखा करणारा तो रिव्हर्ब, त्याचं एकच तयार सेटिंग सगळीकडे टाकलंयस ना? मग एकच खोली ऐकू येणार, दुसरं काय होणार.

आणि दुसरं, हे त्याने लिहिलं नाही पण त्याचा वैताग तिथूनच आलाय असं मला वाटतं. तू क्लबसाठी केलेले ट्रॅक जसेच्या तसे अल्बमवर टाकलेस. हाउस मुळात बारा इंची सिंगलवर वाढलेलं म्युझिक आहे, शिकागोत असो की न्यूयॉर्कात, सुरुवातीच्या त्या 32 बार (एका बारमध्ये चार ठोके) नुसत्या किक आणि हॅट, म्हणजे झांज, असतात त्या डीजेला मागच्या गाण्यात मिक्स करता यावं म्हणून. घरात किंवा लोकलमध्ये हेडफोन लावून बसलेल्या माणसाला काय मिक्स करायचंय? 124 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 124 ठोक्यांना, 32 बार म्हणजे मिनिटाच्या वर गेलं, आणि असं दहा वेळा! त्याने सहा दिले हेच मोठं मन.

‘डिस्कव्हरी’ परत ऐक, पण या वेळी नुसत्या लांब्या बघ. पहिलंच ‘वन मोअर टाइम’, 5 मिनिटं 20 सेकंदांचं गाणं आणि मधे बराच वेळ किकच गायब, फक्त गायक रोमँथनीचा तो ऑटोट्यूनमधून चिरलेला आवाज आणि खाली कॉर्ड्स. क्लबमध्ये एवढा वेळ बीट काढायला छाती लागते. सहावं ‘नाइटव्हिजन’ पावणेदोन मिनिटांचं, अगदी शांत, पहिल्या पाच गाण्यांनी दमवल्यावर कान जरा टेकायला. आणि शेवटचं दहा मिनिटांचं, त्याचं नावच ‘टू लाँग’, म्हणजे बघ, टीका काय होणार हे आधीच ओळखून बसलेले लेकाचे.

कौतुकाचंही तसंच असतं बरं का. आपल्या मुंबईचे चरणजीत सिंग, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे, त्यांनी 1982 ला रोलंडचं 808 ड्रम मशीन, 303 बेस मशीन आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. 2010 ला रेकॉर्ड परत निघाली आणि सगळे म्हणायला लागले, अरे हे तर अ‍ॅसिड हाउस, शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्याही पाच वर्षं आधी! आवाज खरंच तसा आहे, मीही पहिल्यांदा ऐकून उडालो होतो. पण रेकॉर्डच्या कव्हरवर स्वच्छ डिस्को लिहिलंय, ते भूपाली आणि मालकंस वाजवत होते, शिकागोशी त्यांचा काय संबंध. उद्या तुझं कोणी असं डोक्यावर घेतलं तरी आधी बघ की त्याला नक्की काय ऐकू आलंय.

त्या रिव्ह्यूवाल्याला उत्तर देऊ नकोस, स्टोरीत टोमणाही नको. शनिवारी दुपारी ये, प्रोजेक्ट फाइल्स घेऊन, एक्स्पोर्ट केलेलं काही नको. चौथ्यापासून पुढचे सगळे रिव्हर्ब बंद करून ऐकू, कोरडं वाजलं की कुठल्या ट्रॅकला खरंच खोली हवीय ते कळेल. हेडफोन तुझे आण, माझ्याचा डावा कान गेलाय.

आणि आठव्या ट्रॅकमधल्या त्या सोसायटीच्या पंपाच्या गुरगुरीला हात लावू नकोस, बेसच्या खाली जी ट्यून करून टाकलीयेस ती. तिच्याबद्दल त्याने एक शब्द लिहिलेला नाही, आणि मी काल तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला.

तुझा,
दादा