विजेतेपदाविना मोठा ठरलेला मुसाशी

प्रश्न : जपानचा किकबॉक्सर मुसाशी हा के-१ या किकबॉक्सिंग स्पर्धेत कधीच विजेता झाला नाही, तरीही जाणकार त्याचे नाव आदराने का घेतात? कराटेचा त्याला खरोखर किती उपयोग झाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुसाशीचे खरे नाव अकिओ मोरी. १९७२ साली ओसाकाजवळच्या साकाई शहरात जन्मलेला हा खेळाडू सेइदोकाइकान या कराटे संघटनेत तयार झाला. याच संघटनेचे संस्थापक काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये के-१ स्पर्धा सुरू केली. त्यामुळे जपानी प्रेक्षक आपल्या कराटेपटूंकडून फार मोठी अपेक्षा बाळगत असत. १९९४ मध्ये जपानी कराटेपटू मासाआकी साताके अंतिम फेरीत पीटर आर्ट्सकडून पराभूत झाला आणि पुढे ते ओझे मुसाशीवर आले.

आता कराटेविषयी. पूर्ण आघाताच्या कराटेत डोक्यावर लाथ मारता येते, पण चेहऱ्यावर मुठीचा प्रहार वर्ज्य असतो. म्हणून खेळाडू एकमेकांच्या अगदी जवळ उभे राहून छातीवर आणि मांड्यांवर प्रहार करत राहतात. हातमोजे घालून खेळल्या जाणाऱ्या किकबॉक्सिंगमध्ये मात्र चेहऱ्यावरही ठोसा मारता येतो, म्हणून तेच अंतर धोक्याचे ठरते. १९९५ मध्ये व्यावसायिक किकबॉक्सिंगमध्ये उतरलेल्या मुसाशीने हे अंतर नव्याने शिकून घेतले. डावखुरा पवित्रा, भक्कम बचाव आणि प्रतिस्पर्ध्याची चूक होताच केलेला नेमका प्रतिप्रहार ही त्याची शैली बनली. ती अनेकांना संथ वाटे, आणि मायदेशात त्याला मिळालेल्या काही निसटत्या निर्णयांवर टीकाही झाली. ती टीका सर्वस्वी निराधार नव्हती, परंतु तेवढ्यावरून त्याची योग्यता ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कारण या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात एकाच रात्री तीन लढती जिंकाव्या लागत, आणि समोर जगातील सर्वोत्तम वजनदार किकबॉक्सर असत. डिसेंबर २००३ मध्ये टोकियो डोममध्ये मुसाशीने रे सेफो आणि तीन वेळचा विजेता पीटर आर्ट्स या दोघांना हरवले, आणि मगच तो नेदरलँड्सच्या रेमी बोन्यास्कीकडून गुणांवर पराभूत झाला. पुढच्याच वर्षी हेच दोघे पुन्हा अंतिम फेरीत समोरासमोर आले. नियमित तीन फेऱ्यांत निकाल लागला नाही, म्हणून दोन जादा फेऱ्या खेळवाव्या लागल्या आणि त्यानंतर बोन्यास्कीला विजय मिळाला. के-१ च्या वजनदार गटात सलग दोन वर्षे अंतिम फेरीत पोहोचणे दुसऱ्या कोणत्याही जपानी खेळाडूला साधले नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर याच दोन रात्रींमध्ये आहे.

२००५ मध्येही तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेथे त्याला बाद केले ते ब्राझीलच्या ग्लाउबे फेइतोसाने, आणि तोही कराटेतूनच, क्योकुशिन या शाखेतून, आलेला होता. २००९ मध्ये मुसाशीने निवृत्ती घेतली.