आधी तिला खाली ठेव

"मावशी, आमची मुलगी सात महिन्यांची आहे. परवा आम्ही 'बेबीज' पाहिला आणि तेव्हापासून वाटतंय, आपलं सगळंच चुकतंय. ती आठवड्याला तीन क्लासना जाते, तरी अजून रांगायचं नाव नाही!"

कॅनडातल्या कॅल्गरीहून आलेल्या पत्राची ही सुरुवात. पुढे काजळ, गुटी, डेकेअर, सासूबाई असं बरंच आहे.

अगं, जरा दमाने घे. तोमा बाल्मेसचा तो २०१० सालचा माहितीपट मीही पाहिलाय. नामिबिया, मंगोलिया, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को इथली चार बाळं, निवेदनाचा एक शब्द नाही. महिनोन्‌महिने चित्रीकरण करून त्यातली ऐंशी मिनिटं आपल्याला दाखवलीत. त्यावरून तू स्वतःला नापास करून मोकळी झालीस! "नामिबियातल्या हिंबा जमातीच्या बायका किती निर्धास्त!" म्हणतेस. त्यांच्या आजूबाजूला सदा बायका-पोरांचा राबता. तुझ्या आजूबाजूला कॅल्गरीचा बर्फ आणि कानात हेडफोन घातलेला नवरा.

पण तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. मुलगी कारसीटमध्ये आहे, स्ट्रोलरमध्ये आहे, बाउन्सरमध्ये आहे, हायचेअरमध्ये आहे. जमिनीवर एकदाही नाही. आता माझं तुणतुणं ऐकून घे: बाळाला खाली ठेव.

मंगोलियातलं ते पोर आठवतं? दोरीने पलंगाला बांधलेलं. तुला म्हणे "धक्काच बसला." मला माझी आई दिसली. धाकट्याला जुन्या लुगड्याच्या काठाने खाटेच्या पायाला बांधून ती भाकऱ्या थापायची. चुलीपर्यंत हात पोचू नये एवढाच काठ मोकळा सोडायची. तेवढ्या टापूत त्याने शेणाची जमीन उकरली, मुंगळे पकडले. (तू बांध म्हणत नाहीये गं, नाहीतर पुढच्या आठवड्यात तुझ्या नवऱ्याचं पत्र यायचं.) आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तो क्लास? सगळे गोल बसून धरणीमातेचं गाणं म्हणतात आणि बाळ उठून थेट दाराकडे चालू लागतं. मी एकटीच मोठ्याने हसले.

नव्वदच्या दशकापासून इकडचे बालरोगतज्ज्ञ बाळाला पाठीवर झोपवायला सांगतात, ते योग्यच आहे. पण जागेपणी पालथं ठेवा हेही तेच सांगतात, आणि नेमकं तेवढं आपण विसरतो. पालथं पडून मान उचलली, हातांवर जोर दिला, की पुढचं रांगणं. सात महिने म्हणजे उशीरही नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचार, म्हणजे जिवाला घोर नको.

"सासूबाई पुण्याहून वॉकर आणतायत." हे वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. १९९६ साली मिसिसागात आम्हीही गराज सेलमधून हौसेने चाकांचा वॉकर आणला होता. मी फोडणीत मोहरी टाकायला वळले तेवढ्यात लेक वॉकरसकट तळघराच्या तीन पायऱ्या खाली. कपाळावर टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. यजमान अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात, आणि त्यात मोहरीचा उल्लेख हटकून असतो. २००४ पासून कॅनडात या वॉकरच्या विक्रीवर, जुन्याच्यासुद्धा, आणि आयातीवरही बंदी आहे.

बाकीचं भराभर. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. गुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि वर्षाच्या आत मध बोटावरसुद्धा नाही. सासूबाईंना तेल लावू दे, न्हाऊ घालू दे. सहा महिने घर भरलेलं राहील. डेकेअरमध्ये इंग्रजी शिकेल, घरी मराठी बोला, संपलं.

आज रात्रीच पुण्याला फोन लाव, बॅग भरायच्या आत. वॉकरच्या जागी एक गोधडी आणायला सांग, जुन्या सुती साड्यांची, हातशिलाईची. ती पाळण्यात नको, बैठकीच्या खोलीत अंथर. जिन्याला गेट लाव आणि तूही जाऊन तिच्यासमोर पालथी पड.