नोटांची रचना किती वर्षांनी बदलावी?

देशांनी आपल्या नोटा आणि नाणी किती वर्षांनी नव्याने घडवावीत, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की नोटांसाठी पंधरा ते वीस वर्षांचा अवधी योग्य आहे, नाण्यांना मात्र शक्यतो हात लावू नये. माझी नोकरी मुंबईतील एका बँकेत रोखपाल म्हणून झाली, त्यामुळे या मताला काउंटरवरचा अनुभवही जोडलेला आहे.

नोट बदलण्याचे सबळ कारण एकच, ते म्हणजे बनावट नोटा. छपाईचे तंत्र सर्वांच्या आवाक्यात येते तशी जुनी सुरक्षाचिन्हे निरुपयोगी होत जातात. जपानने १९८४, २००४ आणि २०२४ अशा बरोबर वीस वर्षांच्या अंतराने नव्या नोटा काढल्या. आपल्याकडेही १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेनंतर नवी मालिका २०१६ मध्ये आली, म्हणजे अवधीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. तक्रार आहे ती आकाराबद्दल.

जुन्या मालिकेत पन्नास, शंभर, पाचशे आणि हजार या नोटांची लांबी अनुक्रमे १४७, १५७, १६७ आणि १७७ मिलिमीटर होती. नव्या मालिकेत शंभरची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर असून तिन्हींची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकणारा अंध विक्रेता नोट बोटांवर ताणून तिची लांबी अजमावतो. दहा मिलिमीटरचा फरक त्याच्या बोटांना कळत असे, चार मिलिमीटरचा गर्दीत कसा कळावा? या अडचणीपायी ‘नॅब’ या अंधांच्या संस्थेला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखणारे ‘मनी’ हे अ‍ॅप आणले. मोबाइल हाती धरून सुटे पैसे मोजणे किती जणांना जमते, हा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०१६ मध्ये देशभरातील एटीएमच्या कॅसेट, म्हणजे आतले नोटा ठेवण्याचे खण, नव्या मापाला जुळवाव्या लागल्या, त्याही आकार बदलल्यामुळेच. म्हणून रंग, चित्र, सुरक्षा धागा हे सर्व खुशाल बदलावे. लांबी-रुंदी मात्र एकदा नीट ठरवून कायम ठेवावी.

नाण्यांचे गणित वेगळे आहे. नाणे लवकर झिजत नाही, त्यामुळे नवे आले तरी जुनी चलनात राहतात आणि गोंधळ साचत जातो. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि २०११ चे दोन रुपयांचे नाणेही स्टीलचेच व तेवढ्याच व्यासाचे. बसच्या वाहकाने घाईत कोणते कोणते म्हणून ओळखावे? दहा रुपयांच्या नाण्याच्या तर इतक्या तऱ्हा झाल्या की दुकानदार ती नाकारू लागले, आणि चौदाही रचना वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. पुढे वीस रुपयांच्या नाण्याला बारा कोन दिले, हे चांगलेच झाले. पण त्याचा व्यास दहाच्या नाण्याइतकाच, २७ मिलिमीटर ठेवला आणि दोन्ही नाणी दोन धातूंचीच राहिली.