लिस्बनमध्ये फक्त मोठ्यांसाठीचं, शहर दिसणारं छोटं हॉटेल निवडताना काय बघावं?

तुमचा प्रश्न असा: दोघंच चार रात्रींसाठी लिस्बनला चाललाय, लहान मुलांना न घेणारं, जरा हटके आणि खिडकीतून शहर दिसेल असं बुटीक हॉटेल हवंय, तर बुक करण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी दिशा. नुसतं ‘सिटी व्ह्यू’ वाचून लिस्बनमध्ये काहीच कळत नाही, कारण शहर टेकड्यांवर वसलंय आणि प्रत्येक टेकडीवरून वेगळं शहर दिसतं. अल्फामा या जुन्या वस्तीतल्या चांगल्या गच्च्या तेजू नदीकडे, पूर्व-आग्नेयेला तोंड करून आहेत. तिथली पहाट बघावी: लाल कौलांची उतरंड, साओ विसेंत चर्चचे पांढरे मनोरे, पँथिऑन या स्मारकाचा घुमट आणि मागे नदी. सूर्यास्त मात्र तिथे मिळत नाही, साओ जॉर्ज किल्ल्याची टेकडी आड येते. सूर्यास्तच हवा असेल तर ग्रासा टेकडीच्या पश्चिम उतारावर बघा. तिथून किल्ला आणि त्याच्या पलीकडे नदीवरचा 25 एप्रिल पूल दिसतो. तिसरा पर्याय साओ पेद्रो द आल्कांतारा या शहर बघायच्या उंच जागेच्या बाजूचा. तिथून किल्ला बरोबर समोरच्या टेकडीवर येतो आणि रात्री दिव्यांत उजळलेला दिसतो. रात्री उशिरापर्यंत गच्चीवर बसणाऱ्यांना मी हीच बाजू सुचवेन. तिथे चढणारी ग्लोरिया फनिक्युलर (दोरीने ओढली जाणारी ट्रॅम) सप्टेंबर 2025 च्या अपघातानंतर बंद झाली, त्यामुळे तो चढ पायी चढायचा आहे असंच धरून चाला.

अल्फामाबद्दल एक गोष्ट हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत. टेकडीच्या पायथ्याशीच क्रूझ टर्मिनल आहे. मोठं जहाज लागलं की खालच्या मजल्यांवरून नदी दिसतच नाही, समोर नुसती बाल्कन्यांची पांढरी भिंत उभी राहते. जहाजं बहुधा सकाळी येतात आणि संध्याकाळी सुटतात. लिस्बन बंदराचं वेळापत्रक ऑनलाइन असतं. तुमच्या तारखा त्यात बघा आणि शक्य तितक्या वरच्या मजल्याची खोली मागा.

हॉटेलच्या पानावरचे फोटो बहुतेक गच्चीवरून काढलेले असतात, खोलीतून नाही. म्हणून ईमेलमध्ये सरळ विचारा: या खोलीच्या खिडकीतून, पलंगावर बसून, नदी दिसते का? खिडकीचा फोटो पाठवाल का? खोलीच्या वर्णनात ‘पार्सियाल’ (अर्धवट) किंवा ‘लातेराल’ (बाजूने) असं असेल, तर मान वाकडी करून नदीची एक पट्टी दिसेल, एवढंच.

‘अडल्ट्स ओन्ली’ म्हणजे काही भलतंसलतं नाही. शांतता हवी असलेल्या पाहुण्यांसाठी वयाची अट घातलेली असते, इतकंच. ती कुठे 12, कुठे 16, तर कुठे 18 वर्षांची असते, म्हणून आकडा वाचूनच ठरवा. अल्फामातलं मेमो हॉटेल हे या प्रकारातलं ओळखीचं नाव: गच्चीवर लाल टाइल्सचा छोटा स्विमिंग पूल आणि समोर नदी. पण असे गच्चीवरचे पूल पोहण्यासाठी नसतात. बरेचसे गरम केलेलेही नसतात, त्यामुळे एप्रिलमध्ये पाय बुडवण्यापलीकडे धीर होत नाही.

हटकेपणाची खरी किंमत खोलीत कळते. बाथरूमला नुसती काच, टब पलंगाशेजारी, कपाटाऐवजी भिंतीत चार खुंट्या. जोडप्याला हे चालतं. दोन मैत्रिणी किंवा मायलेकी जाणार असतील तर संडासाला बंद होणारं दार आहे का, हे विचारून घ्या. माळ्यावरची खोली असेल तर तिरप्या छताखाली सरळ उभं राहता येतं का, तेही विचारा. 16 चौरस मीटरपेक्षा लहान खोलीत दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत.

आता पोचणं. अल्फामातल्या कित्येक गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, टॅक्सी दारापर्यंत जात नाही. फरशी चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची, घासून गुळगुळीत झालेली. पावसात पाय सटकतो आणि बॅगेची चाकं दगडांच्या फटींत अडकून निखळतात. गाडी नेमकी कुठे थांबते, तिथून किती पायऱ्या आणि वर की खाली, हे आधी लिहून मागवा. इमारतीला लिफ्ट आहे का, हेही. बॅगा घेऊन 28 नंबरच्या ट्रॅममध्ये चढू नका; गर्दी मुंबईच्या लोकलसारखी आणि पाकीटमारांची आवडती. बैशा या खालच्या सपाट भागातून वर जायला रुआ दुश फँकेइरुशवर मोफत लिफ्ट आहे, ती अर्धा चढ वाचवते.

बुकिंग करताना सगळ्यात स्वस्त दर घेतला आणि रद्द केलं, तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत. पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. म्हणून थोडं महाग पडलं तरी रद्द करता येणारा दरच घ्या आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या अंदाजे तारखेनंतरची आहे ना, ते पडताळा. शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला 4 युरो, जास्तीत जास्त 7 रात्री. तुमचे चार रात्रींचे 32 युरो होतात. ते बहुधा हॉटेलवरच भरायचे असतात.

आवाजाचं म्हणाल तर शेजारी फादो या पारंपरिक पोर्तुगीज गाण्यांचं रेस्टॉरंट असेल तर मध्यरात्रीपर्यंत गाणं ऐकू येईल. खिडकीला दुहेरी काच आहे का आणि गच्चीवरचा बार किती वाजता बंद होतो, हे त्याच ईमेलमध्ये विचारा. 12 जूनची रात्र मात्र या सगळ्याला अपवाद. संत अंतोनीच्या सणाला अल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात आणि पहाटेपर्यंत नाचगाणं चालतं. त्या रात्री झोप हवी असेल तर दुसऱ्या टेकडीवर राहा. सण बघायचा असेल तर तिथलीच खोली कित्येक महिने आधी धरून ठेवा.