छाटणीची जखम आणि बुरशी

खानापूर, बेळगावकडे जूनपासून झाडं सतत ओली असतात, म्हणून गुलमोहर, वर्षावृक्षाची मोठी छाटणी कोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका.

मनगटाहून जाड फांदी एका कापात तोडू नका, साल खोडापर्यंत फाटत येते. खोडापासून फूटभरावर आधी खालून एक तृतीयांश काप घ्या, मग थोडं पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगत, पण बाहेरून कापा. जखम भरून येते ती याच कड्यातून. कडंच कापलं तर ती मिटत नाही. खुंट लांब ठेवला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. माझ्या मते निम्मा रोग इथेच टळतो.

डांबर, ऑइलपेंट मुळीच नको, आत ओल कोंडते. बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मिसळा (चुना विरताना उकळतो, सांभाळून), लोखंडी भांडं टाळा, त्याच दिवशी संपवा.

दुसऱ्या झाडाआधी करवत ७० टक्के स्पिरिटने पुसा.

बुंध्याशी कडक, तपकिरी छत्र्या दिसल्या तर बहुधा गॅनोडर्मा, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी. मुळं आतून कुजलेली असतात, छाटून झाड वाचत नाही. रस्त्याकडेला असेल तर वनखात्याला लगेच कळवा.