कॉर्कला येताय, तर मुलाचं हर्लिंग थांबवू नका

तुम्ही विचारलंत की नवऱ्याला आयर्लंडमधल्या कॉर्कच्या औषध कंपनीत नोकरी मिळते आहे, मुलगा सातवीत आहे आणि निघायचं जवळजवळ ठरलंय. तिथल्या एका सहकाऱ्यानं 'आल्या आल्या मुलाला हर्लिंगच्या क्लबात घाला' असं सुचवलं (हर्लिंग म्हणजे काठी आणि चेंडूचा इथला सांघिक खेळ). तर पहिली दोन-तीन वर्षं खेळ बाजूला ठेवून त्याला अभ्यासात रुळू द्यावं का?

परमिट, पीपीएस नंबर (आपल्या आधार-पॅनसारखा इथला सरकारी क्रमांक), भाड्याचं घर, यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती इथे पुन्हा लिहीत नाही. पण तुमच्या या एका प्रश्नानं मला दोन रात्री झोप लागू दिली नाही, कारण आमच्या घरात याच प्रश्नावर जो वाद सुरू झाला तो मुलगा कॉलेजात गेला तरी मिटलेला नाही. माझं मत आधीच सांगते: खेळ थांबवू नका. अभ्यासासाठी तर नकोच.

आपल्याकडे मूल खेळात पुढे जायला लागलं की पहिला प्रश्न येतो, यातून पुढे काय? पुण्यात अकॅडमीची फी भरणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनात तो असतो, आणि अगदीच काही नाही तर बोर्डाचे क्रीडागुण तरी मिळतात. इथे त्या प्रश्नाला जागाच नाही. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे हर्लिंगची संघटना, १८८४ साली थर्ल्समध्ये स्थापन झाली, तेव्हापासून हा हौशी खेळ आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल खेळणारा माणूस त्या आठवड्यात शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातो. खेळाचा पगार नाही. लिव्हिंग सर्टमध्ये, म्हणजे इथल्या बारावीत, खेळाचा एकही गुण वाढवून मिळत नाही. तरीही गावातलं प्रत्येक मूल पाच-सहा वर्षांचं झालं की हातात हर्ली, म्हणजे खेळाची काठी, घेऊन मैदानावर असतं, कारण क्लब म्हणजेच गाव. चर्चच्या परिसरावरून क्लब ठरतो, बाप ज्या क्लबात खेळला त्यातच मुलगा खेळतो. बाहेरून आलेल्या कुटुंबाला या गावात शिरायला दुसरं दार मला तरी सापडलं नाही.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षी ज्युनिअर सर्ट असते. ती आपल्या दहावीसारखी नाही, तिच्यावर पुढचा कुठलाच प्रवेश अवलंबून नाही. त्या वर्षी आम्ही घरात दहावीचं वातावरण केलं, टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि आजूबाजूच्या मुलांचे आईवडील आमच्याकडे काळजीनं बघायला लागले. खरी परीक्षा सहाव्या वर्षाची, लिव्हिंग सर्ट. जूनच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी सुरू होते. उत्तम सहा विषय धरतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १००, आणि हायर लेव्हलच्या, म्हणजे अवघड अभ्यासक्रमाच्या, गणितात किमान ४० टक्के मिळाले तर २५ गुण वर. एकूण ६२५. सगळं कॉलेज या एका आकड्यावर.

मग टक्कर कुठे होते? खेळ विरुद्ध अभ्यास अशी ती नसतेच. चांगला खेळणारा मुलगा एकाच वेळी चार जणांचा असतो: क्लबची त्याच्या वयाची टीम, वरच्या वयाची टीम, शाळेची टीम, आणि जिल्ह्याच्या निवड-सरावाचं बोलावणं. त्यात बरेचजण गेलिक फुटबॉलही खेळतात, म्हणजे हे सगळं दुप्पट. प्रत्येक प्रशिक्षक भला माणूस असतो, फुकट वेळ देत असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण आठवड्यातून दोनच संध्याकाळी मागतोय. बेरीज कोणी करत नाही. हा ताण संघटनेलाही कळला होता. जिल्हा पातळीवरची मायनर स्पर्धा १८ वर्षांखालची होती, ती २०१८ पासून १७ वर आणली, त्यात लिव्हिंग सर्टचं वर्ष मोकळं राहावं हा मोठा भाग होता. आमच्याकडे क्लबचे सामनेही जूनच्या परीक्षांच्या दिवसांत थांबतात. खरा पेच हिवाळ्यात येतो. शाळा हर्लिंगची असेल तर मुन्स्टर प्रांतातल्या शाळांचा हार्टी कप नेमका मॉक परीक्षांच्या (लिव्हिंग सर्टच्या सराव परीक्षांच्या) तोंडावर रंगात येतो. तेव्हा ती बेरीज तुम्ही करा. सप्टेंबरातच चारही प्रशिक्षकांना आठवड्याचा कागद दाखवा आणि यापलीकडे जमणार नाही असं स्पष्ट सांगा. इथे त्याचा राग धरत नाहीत. उलट आम्ही गप्प बसतो म्हणून त्यांना वाटतं, सगळं ठीक चाललंय.

आता जे अजून सलतंय ते. आमचा मुलगा तिसऱ्या वर्षाला होता. पालकसभेत प्रत्येक शिक्षकापुढे चार-पाच मिनिटं मिळतात. गणिताच्या शिक्षकांनी ती सगळी त्याच्या खेळाबद्दल बोलण्यात घालवली. किती छान पोरगा, काय मनगट आहे. मी खुशीत घरी आले. दोन आठवड्यांनी कळलं की त्याला ऑर्डिनरी, म्हणजे सोप्या, लेव्हलच्या वर्गात बसवलंय, 'खेळाचा ताण आहे, जरा हलकं होईल' म्हणून. आम्हाला कोणी विचारलं नाही. मुलालाही ते चांगलंच वाटलं होतं, कारण त्याच्या टीममधले दोघे तिथेच होते. आणि आम्हाला हेसुद्धा ठाऊक नव्हतं की ही लेव्हल म्हणजे नुसता वर्ग नाही. इंजिनिअरिंगच्या पदवीला बहुतेक ठिकाणी हायर गणितात एच-४, म्हणजे किमान ६० टक्के, लागतो, शिवाय ते वरचे २५ गुण जातात ते वेगळेच. शेजारच्या आयरिश आईला हे माहीत होतं, तिची मोठी दोन मुलं त्यातून गेली होती. तिनं तिच्या मुलासाठी एक फोन केला आणि विषय संपला. मी फोन केला तेव्हा मला ऐकवलं गेलं की 'तुमच्याकडच्या सगळ्याच पालकांना डॉक्टर-इंजिनिअरच हवे असतात.' त्या वाक्यावर काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही. पाचव्या वर्षी तो परत हायरला गेला, ग्राइंड्स (इथल्या खासगी शिकवण्या) लावले, रविवारी सामन्याहून आला की चिखलाचे बूट दारात आणि वही टेबलावर. जमलं त्याला. पण ते वाक्य जात नाही मनातून.

नवरा त्या वेळी म्हणाला, बघ, खेळामुळेच झालं. मी म्हणते, खेळामुळे नाही, आम्हाला इथल्या रीती कोणी सांगितल्या नाहीत म्हणून झालं. आणि ज्यांनी शेवटी सांगितल्या त्या मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आयाच होत्या. लेव्हल म्हणजे काय, ट्रान्झिशन इयर (तिसऱ्या वर्षानंतरचं बिनपरीक्षेचं चौथं वर्ष) का सोडू नये, कुठली ग्राइंड्सची बाई चांगली, हे सगळं मला पावसात उभं राहून कळलं.

कागदपत्रांवर लिहिणार नव्हते, पण एक गोष्ट कुठल्याच संकेतस्थळावर या कोनातून लिहिलेली नाही. चौदाव्या वर्षी त्याची टीम अँट्रिमला, म्हणजे उत्तर आयर्लंडला, एका दिवसाच्या स्पर्धेला गेली. रस्त्यात सीमा अशी दिसतच नाही, फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैल होतात. पण भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. सगळे म्हणाले, कोण बघतंय, बसमध्ये बसवा. आमचा नागरिकत्वाचा अर्ज पुढे व्हायचा होता, त्यात चारित्र्य बघतात. आम्ही पाठवला नाही. पहाटे बस सुटताना तो खिडकीशी उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला अजून ठरवता येत नाही, कुठलं बरोबर झालं असतं.

यावरून तुमच्यासाठी एक हिशेब. नागरिकत्वाच्या अर्जाला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, पालकाला मिळालं की अल्पवयीन मुलाचा अर्ज करता येतो, अठरा पूर्ण झाले की त्यानं स्वतःचा करायचा. आणि कॉलेजची फी त्यावर ठरते: नागरिक असेल आणि अलीकडची पुरेशी वर्षं इथे राहिला असेल तर शिकवणी फी सरकार भरतं, नाहीतर फी स्वतः भरायची, आणि ती परदेशी विद्यार्थ्याची धरली गेली तर कैक पट असते. तुमचा मुलगा आत्ता बारा-तेराचा. म्हणजे हे सगळं त्याच्या लिव्हिंग सर्टच्याच वर्षात येऊन आदळणार. आमच्याकडे सहाव्या वर्षीच्या मॉकच्या आठवड्यात वास्तव्याच्या कार्डाच्या नूतनीकरणाची अपॉइंटमेंट आली, आणि नागरिकत्वाचं पत्र अगदी शेवटच्या क्षणी. त्या वर्षी मुलाची झोप हर्लिंगनं नाही, आमच्या फायलींनी उडाली. यायचंच असेल तर आणखी एक वर्ष लांबवू नका.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, आणि खरं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. सवय होते. मराठी मंडळाचा गणपती असतो, दिवाळीला डब्यांची देवाणघेवाण असते. मालवणजवळच्या वराडच्या वराडकरांचा मुलगा २०१७ साली इथला पंतप्रधान झाला हे प्रत्येकजण अभिमानानं सांगतो, मीही सांगते. पण नव्या शाळेतल्या पहिल्या महिन्यात डबा एकट्यानं खाणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नसतो. आमचा मुलगा बारा पूर्ण होऊन आला म्हणून त्याला आयरिश भाषेतून सूट मिळाली, आणि त्या तासाला तो मागच्या बाकावर दुसरं पुस्तक घेऊन बसायचा. सगळा वर्ग एकीकडे, हा एकीकडे. संध्याकाळी क्लबात मात्र तो सगळ्यांत होता. वाईट खेळत होता, पण सगळ्यांत होता. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, वकिलातीनं सावध राहायची सूचना काढली, त्या दिवसांत सरावानंतर टीममधली मुलं न सांगता त्याला घराच्या दारापर्यंत सोडायला यायची. त्या मुलांमुळे मी त्या महिन्यात झोपू शकले.

मला माझ्या मुलाचा हेवा वाटतो. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी क्लबात चहाचं बघते, लहान मुलांच्या सामन्यांना गोलपोस्टजवळ अंपायर म्हणून उभी राहते, दांडीवरून गेला तर पांढरा झेंडा, जाळ्यात गेला तर हिरवा. सगळे नावानं हाक मारतात. तरी सामना संपला की त्या बायका एकमेकींच्या घरी जातात आणि मी माझ्या. कित्येक वर्षांनी एकीनं घरी बोलावलं, तर मी गाडीत बसून रडले. २०२४ आणि २०२५ दोन्ही फायनलला कॉर्क हरलं तेव्हा माझा मुलगा त्या पोरांबरोबर ढसाढसा रडला, आणि मला कळलं की त्याचं गाव आता हे आहे. सांगली नाही. आता तो लिमरिकला कॉलेजात आहे. शुक्रवारी घरी येतो, बॅग टाकतो, हर्ली घेतो आणि मैदानावर जातो. माझ्यासाठी येतो की क्लबसाठी, हे मी विचारत नाही. पण येतो.

उरलेलं पटापट. ट्रान्झिशन इयर वाया जातं म्हणून आपले लोक ते टाळतात. उशिरा आलेल्या मुलाला ते वर्ष फार उपयोगी पडतं, शाळेत असेल तर घ्याच. हाताला मार बसला तर परीक्षेत लेखनिकाची सोय होते, त्या भीतीनं खेळ सोडू नका. हेल्मेट सक्तीचं आहे. तिकडे क्रिकेट खेळत असेल तर एक अडचण येईल: उजव्या हाताच्या मुलाचा उजवा हात बॅटवर खाली असतो, हर्लीवर तो वर लागतो. ही पकड बदलायला आमच्याला पहिला हिवाळा लागला, घरामागच्या भिंतीवर रोज चेंडू मारून. तुम्ही तिथेच काठीनं सुरू करून द्या. हर्ली मात्र इथे येऊन घ्या, उंचीप्रमाणे इंचांत मिळते.

ऑगस्टच्या आधी या, आमच्या भागातल्या शाळा भरलेल्या आहेत आणि मधल्या वर्षात जागा मिळणं फार कठीण. आणि मुलाची जन्मतारीख मला कळवा. क्लबचा वयोगट १ जानेवारीच्या वयावर ठरतो आणि आयरिशची सूट शाळेत नाव घालायच्या दिवशी बारा पूर्ण आहेत का यावर, तेव्हा कुठल्या महिन्यात यायचं ते त्यावरून बघू.